पेशी टाकून पंपिंग वाढतं का?

माणसाच्या हृदयाचा स्नायू पुन्हा तयार होतो का, या प्रश्नाचं सर्वांत भरवशाचं उत्तर अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे मिळालं. १९६३ च्या बंदी करारापर्यंत महासत्तांनी उघड्या हवेत एवढे स्फोट केले की वातावरणातला कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला आणि पुढे वर्षागणिक उतरत गेला. त्या काळात जन्मलेल्या प्रत्येक पेशीच्या डीएनएत त्या त्या वर्षीच्या हवेतला कार्बन मुरला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत योनास फ्रिझेन यांच्या गटाने मृतांच्या हृदयांतला हा कार्बन मोजला आणि २००९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात हिशेब मांडला. पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का स्नायूपेशी बदलतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. अख्ख्या आयुष्यात निम्म्या पेशीसुद्धा नव्या होत नाहीत.

मोठ्या हार्ट अटॅकमध्ये शंभर कोटींपर्यंत स्नायूपेशी काही तासांत मरतात. वर्षाला एक टक्का या गतीने ती तूट कधीच भरून निघत नाही. मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण धरतो आणि व्रण आकुंचन पावत नाही.

शहापूर आणि मुरबाडच्या ओपीडीत हृदयरोगतज्ज्ञ म्हणून बसताना हे गणित मला सतत समजावून सांगावं लागतं. बाबांच्या टूडी इकोचा कागद पुढे सरकवत मुलगा म्हणतो, "सर, पंपिंग तीसवर आलंय. मोबाइलवर बघितलं, स्टेम सेल टाकल्या की हार्ट नवीन होतं म्हणे. खर्च सांगा, आम्ही उभा करतो." निरोगी हृदयाचं पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचा वाटा, पंचावन्न ते पासष्ट टक्के असतं, म्हणून तीसच्या आकड्याने घर हादरलेलं असतं. कुणाच्या हातात महामार्गात गेलेल्या जमिनीचा मोबदला असतो, कुणी उरलेले गुंठे काढायला निघालेला असतो. या मुलाला दोन मिनिटांत 'नाही' म्हणून वाटेला लावणं मला जमत नाही. त्याने विचारलेल्या प्रश्नावर जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांनी वीस-पंचवीस वर्षं घातली आहेत.

स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी, ही थाप नाही, हे मी आधी सांगतो. रक्ताच्या आजारांत हा उपचार पक्का रुजलेला आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. आमच्या भागात ठाकूर, कातकरी, वारली वस्त्यांवर सिकलसेलचे रुग्ण आहेत. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळली तर याच उपचाराने तो आजार मुळातून जाऊ शकतो. पण रक्त बनवणं हा त्या पेशींचा जन्मजात धर्मच आहे. त्यांनी हृदयात जाऊन स्नायू व्हावं, ही अपेक्षा अगदी वेगळी आहे.

ती अपेक्षा २००१ मध्ये जन्मली. पिएरो आन्व्हेर्सा आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की उंदरांच्या मेलेल्या हृदयभागाच्या कडेला मज्जेतल्या पेशी टोचल्यावर नऊ दिवसांत त्या मेलेल्या भागाचा ६८ टक्के हिस्सा नव्या स्नायूने भरला. त्याच सुमारास जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या बोडो श्ट्राउअर यांनी माणसांवर प्रयोग सुरू केले. पद्धत दिसायला सोपी होती. कमरेच्या हाडातून मज्जा काढायची, पेशी वेगळ्या करायच्या आणि कॅथेटरने त्या उघडलेल्या हृदयवाहिनीत सोडायच्या. पण पुढे मोजणी झाली तेव्हा दिसलं की तासाभरात शंभरातल्या जेमतेम दोन-तीन पेशी हृदयात उरतात. वाहत्या ओढ्यात भाताची लावणी करावी तसं ते होतं. २००४ मध्ये अमेरिकेतल्या दोन स्वतंत्र गटांनी 'नेचर'मध्येच दाखवलं की मज्जेतल्या या पेशींपासून हृदयाचा स्नायू तयार होतच नाही.

तरी रुग्णांवरच्या चाचण्या थांबल्या नाहीत आणि त्या करायलाच हव्या होत्या. हानोव्हरच्या चाचणीत सहा महिन्यांनी पंपिंग सुधारलेलं दिसलं, अठरा महिन्यांनी पेशी दिलेल्या आणि न दिलेल्या गटांतला फरक पुसला गेला. २००६ मध्ये एकाच वेळी दोन निकाल आले. जर्मनांना थोडा फायदा दिसला, नॉर्वेजियनांना काहीच नाही. आपल्याकडे लष्कराच्या दिल्लीतल्या रुग्णालयासह पाच मोठ्या संस्थांनी हृदयाच्या पुढच्या भागाचा अटॅक आलेले २५० रुग्ण घेऊन चाचणी केली. २०१५ मध्ये तिचा निकाल आला. उपचार सुरक्षित होता, पण सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या पंपिंगमध्ये लक्षणीय फरक नव्हता. भारतीय रुग्णांवर, भारतीय रुग्णालयांत झालेली ही चाचणी आहे. जाहिरातीत मात्र तिचं नाव कधीच दिसत नाही.

माझ्या मनावर सर्वांत खोल परिणाम केला तो लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या डॅरेल फ्रान्सिस यांच्या गटाच्या कामाने. त्यांनी जगभरच्या ४९ चाचण्यांचे निबंध ओळीने वाचले आणि त्यांतली आकड्यांची विसंगती मोजली. बेरीज न जुळणं, टक्केवारीत न बसणारी संख्या, अशा सहाशेहून जास्त गोष्टी त्यांना सापडल्या. ज्या निबंधांत एकही विसंगती नव्हती त्यांत पंपिंगचा फायदा शून्याच्या किंचित खालीच होता. ज्यांत तीसहून जास्त विसंगती होत्या त्यांत तो जवळपास आठ टक्के होता. २०१४ मध्ये हे 'बीएमजे'त छापून आलं. चार वर्षांनी हार्वर्ड विद्यापीठ आणि त्याच्या रुग्णालयाने आन्व्हेर्सा यांच्या प्रयोगशाळेचे ३१ निबंध मागे घ्यावेत, अशी शिफारस केली, कारण त्यांत खोटी किंवा बनवलेली माहिती होती. त्या निबंधांवर विसंबून खऱ्या माणसांच्या हृदयात पेशी सोडल्या गेल्या होत्या. ही गोष्ट आठवली की मला अजून संताप येतो.

असे प्रसंग वाचून संशोधनावरचा विश्वास उडू लागला तर मी आपल्याच कोकणाकडे बघतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने हृदय कसं कोलमडतं हे १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं आणि पुढे प्राझोसिन या साध्या गोळीने असंख्य जीव वाचवले. त्यानंतरही ते थांबले नाहीत. प्राझोसिनच्या जोडीला विंचूप्रतिलस दिली तर काय होईल, याची त्यांनी ७० रुग्णांवर रीतसर तुलना केली. नुसत्या आपल्या गोळीपेक्षा दोन्ही मिळून रुग्ण लवकर बरे होतात, हे २०११ मध्ये स्वतःच जाहीर केलं. तालुक्याच्या गावात, स्वतःचं औषध स्वतःच कसोटीला लावणारा हा माणूस माझ्यासाठी संशोधनाचं माप आहे.

स्टेम सेलच्या जाहिरातीतले आधीचे आणि नंतरचे इको मला याच मापाने बघावे लागतात. अटॅकनंतर लगेच काढलेलं पंपिंग फसवं असतं. स्नायूचा काही भाग मेलेला असतो, पण काही भाग नुसता बधिर झालेला असतो आणि तो काही आठवड्यांत आपोआप कामाला लागतो. जर्मनीच्या त्या २००६ च्या चाचणीत पेशी मिळालेल्यांचं पंपिंग ५.५ अंकांनी वाढलं, पण पेशी न मिळालेल्यांचंही ३ अंकांनी वाढलंच. त्यात दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी इको केला तर पाचेक टक्क्यांचा फरक सहज पडतो. म्हणजे तिसाचे पस्तीस होण्यासाठी लाखो रुपयांची गरज नाही, वेळेची आणि गोळ्यांची आहे.

नियमही स्पष्ट आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताशी संबंधित मान्य आजार सोडले तर स्टेम सेलचा कोणताही वापर फक्त नोंदणीकृत चाचणीतच करता येतो. म्हणून मी घरच्यांना जाहिरात करणाऱ्यांना विचारायचे दोन प्रश्न लिहून देतो. सीटीआरआय, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीतला तुमचा क्रमांक कोणता? आणि रुग्णाकडून पैसे का घेता? कारण खऱ्या चाचणीत प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत.

पुढे काही होणारच नाही, असं मी म्हणत नाही. जपानमध्ये शिन्या यामानाका यांनी साध्या पेशींना मागे नेऊन पुन्हा मूळपेशी बनवण्याची युक्ती शोधली आणि २०१२ चं नोबेल मिळवलं. अशा पेशींपासून तयार केलेल्या, खरोखर धडधडणाऱ्या स्नायूच्या पातळ चकत्या ओसाका विद्यापीठात २०२० पासून रुग्णांच्या हृदयावर बसवून पाहिल्या गेल्या आहेत. जर्मनीतही अशी ठिगळं लावण्याचं काम चालू आहे. त्याकडे माझं बारीक लक्ष आहे, पण आज ते ओपीडीत लिहून देण्याजोगं नाही.

आता त्या चाचणीबद्दल सांगतो, जिच्यामुळे हा लेख लिहायला घेतला. युरोपात 'बामी' नावाची मोठी चाचणी ठरली होती. ३,००० रुग्ण घ्यायचे आणि पेशींमुळे मृत्यू कमी होतात का, हे एकदाचं ठरवायचं. प्रत्यक्षात ३७५ रुग्णच मिळाले. २०२० च्या निकालात दोन वर्षांतले मृत्यू पेशींच्या गटात ३.२६ टक्के होते, दुसऱ्या गटात ३.८२ टक्के. त्यातून काही सिद्ध होणं शक्य नव्हतं. पण मी त्या दुसऱ्या आकड्यावर अडकलो. पेशी न मिळालेल्या, नुसता नेहमीचा उपचार वेळेवर मिळालेल्या लोकांपैकी दोन वर्षांत चारही टक्के गेले नाहीत. २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या 'क्रिएट' या वीस हजारांहून जास्त भारतीय रुग्णांच्या पाहणीत मोठ्या अटॅकचे ८.६ टक्के रुग्ण तीस दिवसांतच गेले होते. बामीत पहिल्या एक-दोन दिवसांतून तगलेलेच लोक होते, त्यामुळे ही तुलना समसमान नाही. तरी त्याच पाहणीतला आणखी एक आकडा बघा. छातीत दुखू लागल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यक वेळ ३६० मिनिटं, म्हणजे सहा तास. तोही शहरांतल्या रुग्णालयांचा.

डोळखांबच्या पलीकडच्या पाड्यावर किंवा माळशेजच्या पायथ्याशी टोकावड्याकडे हे सहा तास कसे जातात, ते मला माहीत आहे. भात कापताना छातीत कळ येते, घाम फुटतो. माणूस म्हणतो पित्त झालं. सोडा पितो, बांधावर आडवा होतो. मग भगत, मग गावातलं इंजेक्शन. रस्ता नसला तर झोळी करून डांबरीपर्यंत आणायचं. गंमत नाही, हृदयवाहिनी बंद पडल्यावर वीसेक मिनिटांत स्नायू आतून बाहेर मरू लागतो.

हृदयवाहिनीतली रक्ताची गाठ विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज हे काही नवं औषध नाही. इटलीतल्या १९८६ च्या चाचणीत पहिल्या तासात ते मिळालेल्यांचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. १९८८ मध्ये १७,१८७ रुग्णांच्या आयसिस-२ चाचणीने दाखवलं की ॲस्पिरिनची एक स्वस्त गोळी आणि हे इंजेक्शन मिळून मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी करतात. चंदीगडच्या इमटेक संस्थेत डॉ. गिरीश साहनी यांच्या चमूने स्ट्रेप्टोकायनेज देशातच बनवण्याचं तंत्र उभं केलं. आज त्याच कामाचं टेनेक्टेप्लेज एका झटक्यात देता येतं. आरोग्य खात्याच्या 'स्टेमी महाराष्ट्र' प्रकल्पात ईसीजी ऑनलाइन पाठवून तज्ज्ञाकडून लगेच वाचून घेतात. ही सोय प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, रात्रीसुद्धा, चालू असावी असा माझा आग्रह आहे. रुग्णाला तसंच कल्याण-ठाण्याकडे पळवण्याआधी ईसीजीची पट्टी काढायची, अटॅक दिसला तर जवळच्या सरकारी रुग्णालयात इंजेक्शन द्यायचं आणि मग १०८ रुग्णवाहिकेतून अँजिओप्लास्टीला पाठवायचं. जो स्नायू मेलाच नाही, त्याच्यासाठी नवी पेशी लागत नाही.

ज्यांचं पंपिंग आधीच उतरलंय त्यांच्यासाठी आज चार प्रकारच्या गोळ्या आहेत आणि त्या एकत्र, डोस हळूहळू वाढवत घेतल्या तर आयुष्य वाढतं, पुष्कळांचं पंपिंगही वर येतं. त्यांतल्या डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपल्यापासून तीही परवडू लागली आहे. अडचण येते ती सातत्याची. दिवाळी झाली की आमच्या भागातली कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात आणि गोळ्या तुटतात. निघण्यापूर्वी त्यांनी भेटून जावं म्हणून आम्ही आशाताईंकरवी निरोप पाठवतो, जमतील तेवढ्या महिन्यांच्या गोळ्या देतो आणि सोबत जुन्या ईसीजीची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून देतो. भट्टीजवळच्या डॉक्टरला जुना अटॅक कोणता आणि नवा कोणता, हे त्या पट्टीशी ताडूनच लवकर कळतं.