बी. रघुनाथ : चरित्राचा अडसर

परभणीत वाङ्मयाचा विद्यार्थी म्हणून वाढलेल्याला बी. रघुनाथ प्रथम भेटतात ते सभागृहाच्या पाटीवर, पुस्तके मागाहून. माझेही तसेच झाले. पदव्युत्तर वर्गात त्यांच्यावर निबंध वाचला, तेव्हा त्याचा पाऊण भाग चरित्राचाच होता : १९१३चा जन्म, निजामी राजवटीतील बांधकाम खात्याची नोकरी, ७ सप्टेंबर १९५३ रोजी अवघ्या चाळिशीत आलेला मृत्यू. श्रोते हळहळले. कादंबऱ्यांविषयी कोणी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांतील दोनच मी वाचल्या होत्या, ही गोष्ट लपून राहिली याचे मला त्या वेळी समाधानच वाटले.

आज ते समाधान बोचते. हळहळीने समीक्षेची जागा घेतली की लेखकाची उपेक्षाच आदरणीय होऊन बसते. भगवान रघुनाथ कुलकर्णी या गृहस्थाने आडनाव गाळले, स्वतःच्या नावाचे इंग्रजी आद्याक्षर तेवढे ठेवले आणि उर्दू ही राजभाषा असलेल्या संस्थानात मराठी लेखन केले. या निवडीचा अर्थ लावणे हे समीक्षेचे काम होते. कादंबरीला ‘ओ’ असे एकाक्षरी शीर्षक देणारा लेखक तर मुखपृष्ठापासूनच वाचकाला थांबवतो. पण ‘मराठवाड्याचा उपेक्षित साहित्यिक’ हा शिक्का एकदा बसला की यातले काहीच पाहावे लागत नाही. (शिक्का मारण्यात आम्ही परभणीकरच पुढे!)

‘आडगावचे चौधरी’ यंदा पुन्हा वाचायला घेतली आहे. या खेपेस समासात एकही तारीख टिपलेली नाही.