पेटीला आधी उन्हाळा दाखवा

पहिलाच साप पाळायला निघालेल्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर, हीटर कुठला घेऊ?" तो मोबाइलवर बघितलेल्या कुठल्यातरी व्हिडिओतून आलेला असतो, म्हणजे बर्फ पडणाऱ्या गावातून. भिलाईच्या मरोदा सेक्टरातल्या पोराला मी उलट विचारतो, "मेअखेरच्या नवतप्यात तुझ्या खोलीत किती अंश असतात रे?" मोजलेलं कुणीच नसतं. बाहेर पारा ४५ला टेकला की वरच्या मजल्यावरची पश्चिमेची खोली रात्री जेवणं आटोपल्यावरही भट्टीच असते. आफ्रिकेतला बॉल पायथन असो की अमेरिकेतला कॉर्न स्नेक, ३५च्या वर त्याला तासन्‌तास राहावं लागलं तर तो खंगतो. पारा चाळिशीला पोचला तर वाचणं कठीण. आमच्या भागात पाळीव सापाला भीती मे महिन्याची, जानेवारीची नंतर.

पण हीटरच्याही आधी कागद. मरोदा जलाशयाच्या काठची दिवड किंवा घरामागे सापडलेली धामण पाळता येत नाही, मग ती कितीही गरीब असो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे, २०२२मध्ये तो आणखी कडक झाला आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी तीन ते सात वर्षांची कैद आहे. सर्पमित्राला बोलवा, साप सोडू द्या, विषय संपला. राहिले परदेशी. बॉल पायथन वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या 'साइट्स' कराराच्या यादीत आहे, त्यामुळे २०२४च्या नियमांप्रमाणे त्याची नोंद केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही, तरी तो आला कुठून हे विचारायलाच हवं. डिसेंबर २०२३मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटं आणि केकच्या पुड्यांमध्ये लपवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक महसूल गुप्तचर संचालनालयाने पकडले. स्वस्तात मिळणाऱ्या, बिनकागदाच्या सापाचं पहिलं घर बहुधा असंच असतं. असा साप आणलात तर पेटीवर केलेला खर्च वाया गेला समजा.

आता पेटी. पूर्ण वाढलेल्या कॉर्न स्नेकला किंवा बॉल पायथनला १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद, ६० उंच एवढी जागा द्यावी. मत्स्यालयाच्या दुकानातली काचेची टाकी दिसते छान, पण चारी बाजूंनी उष्णता घालवते. त्यापेक्षा सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घ्या, समोर सरकत्या काचा, बाजूला जाळीची भोकं आणि काचांना कुलूप. कुलूप हवंच. करंगळी जाईल एवढ्या फटीतून पोरसवदा साप निघतो आणि शेजारच्या क्वार्टरात पोचतो. शेजारी तुमचे कागद बघत बसत नाहीत, काठी शोधतात.

पेटीला दोन टोकं असतात, आणि सगळं शास्त्र त्या दोन टोकांत आहे. साप अंगात ऊब तयार करत नाही; ऊन-सावलीत सरकून ती कमीजास्त करतो. उंदीर गिळल्यावर त्याला ऊब लागते, नाहीतर पोटात उंदीर पचण्याआधी सडतो आणि साप तो ओकतो. कॉर्न स्नेकसाठी गरम टोक ३० ते ३२, गार टोक २२ ते २४. बॉल पायथनला गरम टोक साधारण तेवढंच, पण गार टोक २५-२६. दोन्ही टोकांना लपायला एकेक खोपटं हवं. एकच ठेवलं तर साप ऊब आणि आडोसा यांतलं एक निवडतो, आणि भित्रा प्राणी असल्यामुळे आडोसाच निवडतो.

हीट मॅट तळाच्या एक तृतीयांश भागाखाली, आणि थर्मोस्टॅटशिवाय कधीच नाही. थर्मोस्टॅटचा प्रोब मॅटच्या बरोबर वरच्या तळाला टेकलेला हवा. तो हवेत लोंबत असला तर हवा तापेपर्यंत मॅट तापतच राहते. वरून ऊन लागलं की साप सावलीला सरकतो, पण खालून भाजत असताना पुष्कळदा तिथेच वेटोळं करून बसतो. पोटावरचे रुंद खवले आधी गुलाबी होतात, मग तपकिरी, मग कडेने ओलसर होऊन सुटतात. हे बरं व्हायला कित्येकदा कात टाकावी लागते आणि तोवर मलमपट्टी चालते. प्रोब चिकटपट्टीने आत लावणं हा आणखी एक घात : पट्टीला साप चिकटतो आणि सोडवताना कातडी येते. प्रोबची तार बाहेरून भोकातून आणा, क्लिपने अडकवा.

जानेवारीत रात्री १०-१२ अंशांपर्यंत उतरतात तेव्हा मॅट हवा तापवू शकत नाही. तेव्हा वरून सिरॅमिक हीटर, जाळीच्या पिंजऱ्यात. एवढं केलं की थंडी निभावते.

उन्हाळ्याला डोकं लागतं. पेटी तळमजल्यावर, आतल्या खोलीत, जमिनीजवळ आणायची. हीटरचा प्लग काढूनच ठेवायचा. कूलर खोलीत चालू द्या, पण झोत पेटीवर नको. कूलरने हवा दमट होते : बॉल पायथनला ५५ ते ७० टक्के दमट हवा मानवते, कॉर्न स्नेकच्या तळाची लाकडाची भुकटी मात्र ओलसर राहिली तर खवले सडतात. गार टोकाच्या बाहेर कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली. आणि आत फुटक्या मडक्याचं अर्धुक, पालथं. बाहेरून पाणी शिंपडलं की माती ते पिते, पाणी उडताना आतली हवा गारते. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीसाठी पकडलेले नाग मडक्यांतच ठेवत. ती प्रथा उच्च न्यायालयाच्या आदेशाने अडली, आणि अडली ते बरंच झालं. पण मडक्याची निवड जाणत्यांची होती. शिराळ्याला मडक्याचं तोंड बांधत, आपल्याकडे ते उघडं राहील, एवढा फरक करा.

दिवाळीत उत्साह असतो, पेटी तेव्हाच करून घ्या. जास्तीत जास्त आणि कमीत कमी तापमान लक्षात ठेवणारा थर्मामीटर दोन्ही टोकांना लावा, रिकामी पेटी डिसेंबर-जानेवारीत चालवा, मे संपेपर्यंत चालवा, रोज दोन आकडे वहीत लिहा. नवतप्यात गार टोक ३०च्या वर गेलं नाही, तर पहिला पाऊस पडल्यावर कागदांसकट साप आणा. गेलं, तर पेटी दुसऱ्या खोलीत हलवा आणि वही पुन्हा सुरू करा.