दहा वॅट

गिटार शिकणाऱ्याच्या घरात पहिला ॲम्प येतो तो बहुधा दहा वॅटचा. शिलाई मशीनच्या झाकणाएवढा डबा, आत साडेसहा इंची स्पीकर, वर चार-पाच नॉब. वर्षभर त्याचे लाड होतात, मग तो नकोसा वाटायला लागतो आणि सल्ले सुरू होतात. सल्ले दोनच. एक, विकून टाक, मोठा घे. दोन, खोल आणि आतलं बदल. दोन्ही बाजूचे लोक छातीठोक बोलतात. तुमच्याकडे लाईट किती वाजता जाते, हे मात्र कुणी विचारत नाही.

घाटनांदूरला ते आधी विचारावं लागतं. शेजारच्या परळीत औष्णिक वीज केंद्र आहे. त्याचा आमच्या लाईटशी काही संबंध असेल असं संध्याकाळी सात वाजता तरी वाटत नाही.

माझा ॲम्प खरा दादाचा. चाकणला कामाला लागला तेव्हा इथेच ठेवून गेला. मध्ये एकदा फोनवर वाजवून दाखवलं तर म्हणाला, "मधमाश्या पाळल्यास का गं त्याच्यात? नऊ हजार टाकतो, नवीन घे." नऊ हजार म्हणजे त्याच्या किती रात्रपाळ्या, हा हिशोब आमच्या आईलाही तोंडपाठ आहे. म्हणून ठरवलं, ॲम्पला नेमकं काय झालंय ते आधी बघायचं, पैशाचं नंतर.

तक्रारी तीन होत्या. सतत घूं आवाज, पिचका सूर, आणि लाईट गेली की सगळंच बंद.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ॲम्पच्या आत तिची डीसी होताना १०० हर्ट्झची लहर उरते, ती मोठे कपॅसिटर गिळतात. कपॅसिटर म्हातारे झाले की गिळेनासे होतात आणि ती लहर स्पीकरमधून ऐकू येते. गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा तिसरा फ्रेट ९८ हर्ट्झचा, म्हणजे जवळजवळ तोच सूर. वाजवून कानाने पडताळता येतो. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे केबल उपसायची आणि व्हॉल्यूम शून्यावर न्यायचा. तरीही घूं राहिलं तर दुखणं ॲम्पच्या पोटात. माझ्याकडे ते थांबलं.

मग उरली दुसरी शंका. अनवाणी, ओल्या शहाबादी फरशीवर उभं राहून तारांना हात लावला की मुंगी चावल्यासारखं व्हायचं. दादाही सांगायचा, पण आम्ही दोघं ते हसण्यावारी न्यायचो. वायरमन आला, त्याने टेस्ट लॅम्प काढला. फेज आणि न्यूट्रलला लावल्यावर बल्ब लखलखला. फेज आणि अर्थिंगला लावल्यावर आतली तार नुसती लाल झाली. "ताई, मशीनला काय बी झालं नाही. घराचं अर्थिंग मेलंय."

परसातल्या खड्ड्यात घर बांधताना मीठ-कोळसा टाकला होता. त्यानंतर तिथे कुणी बादलीभर पाणी ओतलं नव्हतं. आमची जमीन काळी. पावसाळ्यात पायाला सोडत नाही आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माती सुकून पाइपापासून सुटली की विजेला जमिनीत उतरायची वाट राहत नाही. मग ॲम्पचा पत्रा, केबलचं कवच, गिटारच्या तारा, सगळं अधांतरी लटकतं आणि घरभरची गुणगुण गोळा करतं. खड्डा उकरला, गंजलेली क्लॅम्प बदलली, मीठ-कोळसा भरला. सातशे रुपये. मुंग्या गेल्या, घूं निम्म्याहून जास्त गेलं. उरलं ते सिंगल कॉइल पिकअपचं; ट्यूबलाइटकडे पाठ करून बसलं की तेही कमी होतं.

इथे थोडं थांबते, कारण हा भाग आवाजाचा नाही. १९७२ साली स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टेजवरच शॉक लागून गेला. अर्थिंग नसलेल्या माईकला त्याचा हात लागला होता. आमच्या गल्लीत भजनी मंडळाचा माईक आणि माझी गिटार कधीतरी एका मांडवात येणारच. नऊ हजारांचा नवा ॲम्प त्याच बोर्डात लावला असता, तरी त्या खड्ड्यात पाणी पडलं नसतं.

पिचक्या सुराकडे वळले तेव्हा गंमत वाढली. लहान ॲम्पशी छेडछाड करण्याला मोठा इतिहास आहे. १९६४ मध्ये द किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या एल्पिको नावाच्या छोट्या ॲम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला. 'यू रिअली गॉट मी'मधला तो खरखरीत आवाज त्या फाटक्या स्पीकरचा. कॅलिफोर्नियात रँडल स्मिथने फेंडरच्या प्रिन्स्टन या छोट्या ॲम्पमध्ये मोठं सर्किट आणि बारा इंची स्पीकर कोंबला. सुरुवात मस्करी म्हणून झाली होती. कार्लोस सँटानाने तो वाजवला आणि त्यातून मेसा बूगी ही कंपनी उभी राहिली. पण दोघांच्या कामात फरक आहे. चिरलेला कागद परत जोडता येत नाही.

अंबाजोगाईला बँजो पार्टीचे ॲम्प्लिफायर बनवणारा एक मिस्त्री आहे. त्याने डबा हलवून बघितला आणि म्हणाला, "आतलं समदं काढून टाका. ४४४० चा बोर्ड बसवतो, दणका बघा." ४४४० ही आयसी आपल्याकडच्या जुगाडाची कुलदैवतच, तिच्याआधी २एन३०५५ ट्रान्झिस्टरची गादी होती. मिस्त्रीचा हात चांगला आहे, मिरवणुकीत त्याचा बँजो अख्ख्या चौकाला ऐकू जातो. पण मला दणका नको होता. आतलं सर्किट धडधाकट निघाल्यावर ते उपटायचं कशाला?

शिवाय वॅटचं गणित फसवं असतं. वॅट दुप्पट केले तर आवाज तीन डेसिबल वाढतो, कानाला जेमतेम कळेल एवढा. कानाला दुप्पट वाटायला दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. याउलट स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८७ ऐवजी ९४ असेल, तर ते सात डेसिबल जवळपास पाचपट वॅटच्या बरोबरीचे, आणि विजेचं बिल तेच. म्हणून बदलायचा तो स्पीकर. चुंबकाच्या पाठीवर ओहम लिहिलेले असतात. माझा आठचा होता, तर नवाही आठचाच. आठच्या जागी चारचा लावला की करंट वाढतो आणि आयसी तापते. गाडीतले स्पीकर बहुधा चारचेच असतात, त्यामुळे स्वस्त मिळतो म्हणून तो घेऊ नये. (आणि ॲम्प व्हॉल्व्हचा असेल तर हे वाचून खोलायला बसू नका. प्लग काढल्यावरही त्यात तीन-चारशे व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात.)

आठ इंची, कागदी कोनचा स्पीकर जुन्या डब्यात मावणार नव्हता. सुताराकडून अठरा एमएम प्लायची पेटी करून घेतली, पाठ अर्धी उघडी. जुन्या स्पीकरच्या दोन वायरी सोडवून नव्या पेटीपर्यंत नेल्या. स्पीकर, प्लाय, मजुरी मिळून सतराशे. जाड तारेला आता अंग आलंय.

तेवढ्यात आणखी एक बदल फुकटात झाला. पेटी पत्र्याच्या खोलीत वाजवली की काही सुरांना छत थरथरायचं, आणि पावसात तर काहीच ऐकू यायचं नाही. ती आजीच्या माळवदाच्या खोलीत नेली. हातभर जाडीच्या भिंती, वर लाकूड आणि माती. तिथे तोच ॲम्प दुप्पट किमतीचा वाटतो. आजी म्हणते, "वाजव, पण माझ्या खाटेकडं तोंड नको करू त्याचं."

तिसऱ्या तक्रारीवर मात्र बदलवाल्यांचं म्हणणं खरं आहे. आमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा. त्याच्यावर ॲम्प लावला की ट्रान्सफॉर्मर कण्हायला लागतो आणि मधमाश्या परत येतात. नवीन डिजिटल ॲम्पपैकी काही बॅटरीवर चालतात, हेडफोन लागतो, फोनवरून गाणं सोडून सोबत वाजवता येतं. ते माझ्या डब्यात कुठलाही मिस्त्री बसवू शकत नाही. उद्या इथे चार पोरं शिकायला आली आणि त्यांची वेळ नेमकी लाईट जाण्याचीच असली, तर मीच दादाला फोन करेन. सध्या शिकणारी मी एकटी आहे. लाईट गेली की गिटार केबलशिवाय वाजवते, आणि माळवदाच्या खोलीत तेवढा आवाज पुरतो.

दादाला सांगितलं, नऊ हजार नको, चोवीसशे टाक. त्याने अडीच हजार टाकले आणि विचारलं, "माझा स्पीकर फेकलास का?" फेकलेला नाही. जुन्याच डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाय. दिवाळीला आल्यावर त्याला परत बसवावासा वाटला तर चार स्क्रू आणि दोन वायरी, एवढंच काम आहे.