पेडगावची पायवाट

भीमेकाठच्या पेडगावला इतिहासाच्या पुस्तकात जेमतेम एक ओळ मिळते. १६८९ साली कैदेतील संभाजीराजांना औरंगजेबापुढे आणले ते येथल्या बहादूरगडात. तीच ओळ मनात घोळवीत मी गडात शिरलो. सोबत वाटाड्या नव्हता; पायवाट नेईल तिकडे चाललो. पडक्या भिंतींपलीकडे यादवकालीन लक्ष्मीनारायणाचे मंदिर लागले. त्याचा दगडन् दगड कोरलेला! नदीच्या अंगाला, मोटेने उपसलेले पाणी गडावर नेणाऱ्या बांधकामाचे अवशेष दिसले. राजांच्या यातना आठवून येथे मान आपोआप खाली जाते. पण ज्यांनी छिन्नी चालवली, मोट हाकली, त्यांच्या वाट्याला तर ती एक ओळही आली नाही. त्यांचे लेखन दगडातच आहे. ते वाचायला पायीच जावे लागते.