चार पटाश्या आणि एक पान

कोपरगावात पाहुणी आली की आम्ही तिला आधी गोदाकाठी नेतो. बेटातलं शुक्राचार्यांचं मंदिर आणि मग राघोबादादांचा वाडा. सालबाईच्या तहानंतर रघुनाथराव पेशवे कोपरगावी येऊन राहिले आणि 1783 साली इथेच वारले. पुढे येवला-मनमाडवरून चांदवडला गेलात, तर अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल चुकवू नका. तिथली लाकडावरची नक्षी पाहताना माझ्या मनात आलं, एवढ्या वेली कुणीतरी हातानंच कोरल्या ना? मग आपल्याला निदान एक पान का येऊ नये?

पान म्हणण्याला कारण होतं. सासूबाईंच्या लाकडी देव्हाऱ्याच्या महिरपीतलं एक पान तुटलं होतं. घरात संगमरवरी देव्हाऱ्याची बोलणी चालली होती. सासूबाई काही बोलत नसत. तुटकी जागा झाकायला रोज तिथे झेंडूचं एक फूल खोवत, एवढंच.

मी हौसेनं बारा हत्यारांचा संच मागवला. दिसायला झकास! पण दोन दिवसांत धार गेली. तिसऱ्या दिवशी जोर लावला, तशी पटाशी निसटली आणि डाव्या अंगठ्याला दोन टाके पडले.

शेवटी आमच्या ओळखीच्या सुतारमामांकडे गेले. ते हसून म्हणाले, "ताई, विळी बोथट झाली की तुम्ही जोर लावता आणि बोट कापून घेता. इथंही तेच. बारा कशाला? चारच घ्या, पण चांगल्या पोलादाच्या."

मैत्रिणींनो, तुम्हालाही हौस असेल तर त्या चार सांगते. पहिली अर्ध्या इंचाची सपाट पटाशी, नक्षीभोवतीचं लाकूड काढायला. दुसरी पाव इंचाची, अडचणीच्या जागांसाठी. तिसरी गोल पटाशी, तिनं पानाची खोलगट बाजू येते. चौथी इंग्रजी व्हीच्या आकाराची, पानाच्या शिरा काढायला. ठोकायला लाकडी हातोडीच घ्या, लोखंडीनं मूठ फुटते.

दुकानात पटाशी डोळ्यासमोर धरून पाहा. पातं मुठीच्या सरळ रेषेत हवं, धारेवर खाच नको. मूठ तळहातात नीट बसते का, तेही पाहा. भांडी आपण वाजवून घेतो, मग इथे लाजायचं कशाला?

एक दगड मात्र हवाच. त्यावर तेल टाकून पटाशीचा उतार साधारण पंचवीस अंशांत धरून घासायचा, मग जुन्या चामडी पट्ट्यावर फिरवायची. न्हावी वस्तरा फिरवतो ना, तशीच, धार मागे ठेवून. मऊ लाकडावर आडवा छेद घेऊन बघा. तो गुळगुळीत चमकला तर धार लागली. तंतू फाटले तर पुन्हा दगड!

शिकायला शिवणीचं लाकूड बरं. बाभूळ फार कठीण, तिच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. प्लायवूडही नको, त्याचे थर सुटतात. लाकूड शिकंज्यात घट्ट आवळा आणि दोन्ही हात धारेच्या मागे ठेवा. नस पाहून कोरा. उलट्या नसेत गेलात तर ढलपी उडते.

शाळेतून आल्यावर, दुपारचा तासभर, असे दोन महिने गेले. पहिली पाच पानं चुलीत गेली. सहावं महिरपीला बसलं. जुन्या पानांइतकं नाजूक नाही. जवळून पाहिलं की कळतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पूजेला झेंडू आणला. सवयीनं महिरपीकडे गेलेला हात थांबला. त्यांनी ते फूल देवापुढे ठेवलं.

संगमरवराचा विषय त्यानंतर निघालेला नाही.