लाइट गेली, पण तार जागी असते!



आमच्या पाथर्डीत वळवाचं वारं सुटलं, की आई आधी गच्चीवरच्या कुरडया गोळा करते आणि मग काडेपेटी शोधते. लाइट जाणार हे ठरलेलंच! बाभळीची फांदी तारांवर पडते, तारा एकमेकींना भिडतात, फ्यूज उडतो आणि सगळं गाव अंधारात. 2005 नंतरची काही वर्षं तर राज्यात विजेचा मोठा तुटवडा होता. भारनियमनाचं वेळापत्रक आम्हाला शाळेच्या वेळापत्रकासारखं पाठ असायचं. त्या अंधारात ओट्यावर बसून आजीकडून मढीच्या कानिफनाथांच्या गोष्टी ऐकायची मजा काही औरच!

आमच्या गल्लीत एक वायरमनकाका राहत. ते म्हणायचे, "पोरांनो, लाइट घरातली गेलीय. तारेतली गेली, असं कधी समजू नका."

असं का बरं? एक फेज गेला तरी शेजारच्या तारेत वीज असू शकते. गेलेली लाइट न सांगता परत येते. आणि तिसरं कारण ऐकून तर मी चकितच झालो. डीपी 11,000 व्होल्टची वीज उतरवून घराला 230 व्होल्ट देतो. पण कुणी चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर घराच्या वायरिंगला जोडला, तर वीज उलटी डीपीकडे जाते आणि तिथे पुन्हा हजारो व्होल्टची होते. खांबावर तेव्हा कुणाचे तरी बाबा काम करत असतात! म्हणूनच काका आधी लाइन बंद करून तारा अर्थिंगला जोडत, मगच हात लावत.

तेव्हा तार तुटून पडलेली दिसली, तर निदान तीस-पस्तीस फूट लांब राहा. ओल्या जमिनीतूनही करंट येतो. गुरांना, लहानग्यांना तिकडे जाऊ देऊ नका. मोठ्यांना 1912 वर फोन करायला सांगा. कुणाला शॉक लागला, तर त्याला हात न लावता आधी मेन स्विच बंद करा. मेणबत्ती पडद्यापासून दूर, ताटलीत ठेवा. जनरेटर घरात नको. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वासही नसतो. आणि इस्त्री चालू असताना लाइट गेली, तर बटण लगेच बंद करा. नाहीतर लाइट येईल तेव्हा तुम्ही अंगणात आणि इस्त्री कपड्यांवर!

आता बॅटरी मोबाइलमध्येच असते. अंधाराची भीती उरली नाही, पण तार तीच आहे. आज घरच्यांना एवढंच विचारा, "आपला मेन स्विच कुठे आहे?" आणि अंधारात चाचपडत तिथवर जाता येतं का, तेही बघून ठेवा.