सिबिल साफ करून देणारा माणूस

बालाजी घाट, काशी

प्रिय सखी,

तुझ्या भाच्यानं सिबिल साफ करून देणाऱ्या त्या एजंटाला आठ हजार रुपये देऊ नयेत, हे फोनवर सांगितलंच. तू मात्र ‘का ते नीट लिहून कळव, त्याला वाचायला देते’ म्हणालीस, म्हणून आज बसले. बँकेत जन्म गेला माझा, त्यामुळे या विषयावर पत्र लांबणार, हे धरून चल.

इथे गंगेचं पाणी उतरलंय, पायऱ्यांवरचा गाळ काढणं चालू आहे. मंगळागौरीच्या देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत विजेच्या खांबावर पिवळा कागद चिकटलाय, ‘सिबिल खराब? 15 दिन में ठीक’. खाली नुसता मोबाइल नंबर. ना नाव, ना पत्ता. तुमच्या नाशिकात तेच मराठीत.

आमच्या खालच्या नाववाल्याचा मुलगा याच नंबराला लागला. नावेच्या इंजिनासाठी कर्ज हवं होतं, बँकेनं स्कोर कमी म्हणून परत पाठवलं. एजंटानं सहा हजार आधी घेतले. पॅन, आधारचे फोटो घेतले. मग ‘ओटीपी आला असेल, सांगा’. यानं सांगितला. पुढे काय झालं ते मी त्याच्याच मोबाइलवर पाहिलं. एजंटानं सिबिलच्या साइटवर याच्या नावानं खातं उघडून त्यात स्वतःचा ईमेल घातला होता, म्हणजे सूचना सगळ्या त्याला जाणार. मग अहवालातल्या प्रत्येक कर्जावर त्यानं तक्रार ठोकली, अगदी वेळेवर फेडलेल्या कर्जावरसुद्धा! तक्रार चालू असेपर्यंत त्या नोंदीपुढे तसा शेरा दिसतो. त्याचाच फोटो पाठवून ‘काम सुरू झालं’ म्हणून आणखी चार हजार मागितले. महिन्यानं शेरा गेला, नोंदी जागच्या जागी.

मौसी, देखिए ना, म्हणत तो वर आला तेव्हा आम्ही दोघांनी अहवाल ओळीनं वाचला. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे छोटे चौकोन असतात. 000 म्हणजे हप्ता वेळेवर. 030, 060 म्हणजे तितके दिवस थकलेला. त्याच्या मोटरसायकलच्या कर्जाखाली 000, 000, मग 030, 060, 090, आणि शेवटी ‘सेटल्ड’. वसुलीवाल्याशी कमी रकमेवर तडजोड केली होती आणि कर्ज मिटलं असं तो समजत होता. बँकेच्या लेखी मात्र ते पुरतं फिटलेलं नव्हतं. दुसऱ्या एका पानावर मोबाइलचं कर्ज थकीत दाखवलं होतं, त्याच्या फेडीची पावती मात्र त्याच्या आईच्या डब्यात जपून ठेवलेली.

सगळा भेद इथेच आहे, तेवढा भाच्याला समजावून सांग. मोबाइलची नोंद खोटी, ती दुरुस्त होणारच, आणि फुकट. मोटरसायकलची खरी, ती जगातला कुठलाही एजंट पुसू शकत नाही. सिबिल कंपनी आपल्या मनानं काही लिहीत नाही, बँका कळवतात ते ती मांडते. बँकेनं दुरुस्ती कळवल्याशिवाय तिलाही आकडा बदलता येत नाही, मग खांबावरचा माणूस कुठून बदलणार?

फुकटचा हा हक्क कायद्यानं दिलेला आहे. 2005च्या कायद्यात आपला अहवाल मागण्याची आणि चूक सुधारून घेण्याची तरतूद आहे. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम 2017पासून लागू आहे. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्यानं स्कोर घटत नाही. ती भीती एजंट मुद्दाम घालतात. तक्रार 30 दिवसांत मिटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, हा नियम एप्रिल 2024पासून आहे. त्यातूनही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, तिथेही फी नाही.

याहून धीट ठगही निघालेत. कर्जमाफीचं प्रमाणपत्र देतो म्हणून ‘सेवाशुल्क’ उकळणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेला डिसेंबर 2023मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला. त्यांच्या नादी लागून हप्ते थांबवलेल्या माणसाचं किती नुकसान होतं, ते मी टेबलापलीकडून पाहिलंय.

मला राग येतो तो यात लाज विकली जाते याचा. अगं, ज्या पेशव्यांचा हा घाट, त्यांच्यातल्या पहिल्या बाजीरावानं ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत कर्जाचं केवढं दुःख मांडलंय! कर्ज थकणं हा काही कलंक नव्हे. पण माणूस लाजेपोटी बँकेच्या साहेबासमोर उभा राहत नाही आणि अनोळखी नंबराला आधार पाठवतो.

नाववाल्याच्या मुलाकडून आधी ईमेल आणि पासवर्ड बदलून घेतला, 1930वर तक्रार नोंदवायला लावली. मोबाइलच्या कर्जाची पावती लावून त्यानं स्वतः तक्रार केली, ती नोंद सुधारली. मोटरसायकलची राहिलेली रक्कम भरायला तो तयार आहे. भरल्यावर बँकेकडून ‘काहीही येणे नाही’ असं पत्र घ्यायचं आणि नोंद ‘क्लोज्ड’ करायला सांगायची. मागचे 060, 090 तरी दिसत राहतील. पुढचे हप्ते वेळेवर गेले तर हळूहळू त्यांचं वजन कमी होईल, तोवर धीर धरायला हवा. इंजिन यंदा नाही, हे त्याला मीच सांगितलं. वाईट वाटलं त्याला.

भाच्याला सांग, आत्ता आणखी चार बँकांत अर्ज टाकू नकोस, एकामागून एक चौकशा आल्या की स्कोर आणखी पडतो. चारही अहवाल स्वतः काढ, कुणालाही ओटीपी न देता. क्रेडिट कार्डाचं ते जुनं थकलेलं बिल तू म्हणालीस ना, ते खरंच त्याचं आहे की नावसारखेपणातून आलंय, हे आधी बघायला हवं. तेवढं पान मला पाठव, पॅन आणि खाते क्रमांक झाकून. दिवाळीच्या आत आलं तर बरं, मग मी देवदिवाळीच्या पाहुण्यांत अडकते.

तुझी,
काशीकर मैत्रीण